टाकलेली खेळणी आणि कोपीवरची मुले

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘खेळणी’ एवढाच विषय छापलेला आहे. तो वाचून काही साथींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, हे मी येथे बसल्या बसल्या पाहिले. त्यांना मी दोष देत नाही. सकाळपासून आपण तोडणीचा दर, मुकादमाची उचल, फडात अपघात झाला तर भरपाई कोणी द्यावयाची, अशा प्रश्नांवर बोलत आहोत. त्या रांगेत खेळणे शोभत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. मी स्वतः तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविले आणि त्यांपैकी निदान वीस वर्षे माझेही मत तेच होते.

परंतु आज आपल्यापुढे एक अगदी व्यावहारिक निर्णय येऊन ठेपला आहे. शहरातील काही सहृदय मंडळींनी दिवाळीच्या आवराआवरीत निघणारी आपल्या मुलांची जुनी खेळणी गोळा करून, ऊसतोड मजुरांच्या मुलांना वाटण्यासाठी ती आपल्या हवाली करण्याची तयारी दाखविली आहे. एक टेम्पोभर माल होईल, असा निरोप आहे. तो घ्यावयाचा की नाही, आणि घ्यावयाचा तर कोणत्या अटीवर, याविषयी आपल्यात दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो, मिळते आहे तर घ्यावे, मुलांना तेवढाच आनंद. दुसरा म्हणतो, श्रीमंतांचा कचरा आम्ही का वाहावा? दोन्ही बाजूंचे मला थोडेथोडे पटते आणि थोडेथोडे पटत नाही. म्हणून आपला वेळ घेतो.

माझ्या लहानपणी, बालाघाटच्या डोंगरातील आमच्या गावी, खेळणे टाकून देण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. सुताराने केलेला पांगुळगाडा साऱ्या गावात दोनच होते. ज्या घरचे मूल पाऊल टाकू लागे त्या घरी तो गाडा जाई आणि मूल धावू लागले की पुढच्या घरी. गाडा कोणाचा असे विचारले तर कोणाच्या तरी आजोबांचे नाव सांगत, पण त्यावर मालकी कोणी बजावीत नसे. पोळ्याला केलेले मातीचे बैल आठ दिवसांत शिंगे मोडून पुन्हा मातीत मिसळत. चिंध्यांची बाहुली फाटली की तिच्या चिंध्या आजीच्या गोधडीत जाऊन बसत. खेळण्याला जन्म होता तसा मृत्यूही होता, आणि तो सरळ होता.

हे सांगताना मी जुन्या काळाची आरती ओवाळीत आहे, असा कृपा करून समज करून घेऊ नका. तो पांगुळगाडा घरोघर फिरे हे खरे, पण गावकुसाबाहेर तो कधीही गेला नाही. तेथल्या मुलांनी भिंत धरून चालणे शिकावे, अशीच व्यवस्था होती. सामुदायिक मालकीचे गोडवे गाताना त्या समुदायाची सीमा कोठे संपत होती, हे आपल्यासारख्यांनी तरी विसरता कामा नये.

आता खेळणे टिकते. म्हणजे खेळणे म्हणून ते पंधरा दिवसही टिकत नाही, परंतु वस्तू म्हणून ते शेकडो वर्षे टिकेल. मोटारीचे चाक निघाले, बाहुलीचा हात तुटला, आतला आवाज बंद पडला, तरी प्लॅस्टिकचे ते कलेवर घरात उरतेच. त्यात तीन प्रकारचे प्लॅस्टिक, चार स्क्रू, एक तार आणि कधी गळकी बॅटरी असते. भंगारवाल्याला ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून तो घेतो तेव्हाही नाक मुरडून घेतो. शहरातील सुखवस्तू घरात एकेका मुलामागे अशी पेटीभर खेळणी साठतात. दर दिवाळीला आईच्या डोळ्यांसमोर प्रश्न उभा राहतो, की याचे करावयाचे काय? टाकून द्यावयास मन धजत नाही, कारण त्या वस्तूला मुलाचा हात लागलेला असतो. ठेवावयास जागा नसते. अशा वेळी ‘गरीब मुलांना देऊ’ हा विचार सुचतो. त्या विचारात माया असते. त्याबरोबर घर रिकामे केल्याचा सुटकेचा निःश्वासही असतो.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नावर एक संस्थाच उभी राहिली. लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू स्वस्तात विकणारी ती दुकाने. अमेरिकेत बोस्टन येथे १९०२ साली एडगर हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने सुरू केलेल्या कामातून ‘गुडविल’ ही तेथील अशी मोठी संस्था वाढली. हेल्म्सची मूळ कल्पना लक्षात घेण्यासारखी आहे. सधन वस्त्यांतून जुने सामान गोणपाटाच्या पोत्यांत भरून आणावयाचे, बेकार व गरीब माणसांना मजुरी देऊन ते दुरुस्त करावयाचे आणि मग विकावयाचे. म्हणजे दाता आणि घेणारा यांच्यामध्ये दुरुस्ती करणारा एक कामगार उभा होता. इंग्लंडात ऑक्सफॅम या संस्थेने दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असे दुकान काढले आणि पुढे त्या देशातील बहुतेक गावांच्या मुख्य रस्त्यांवर अशी दुकाने दिसू लागली. त्यांच्या एका कोपऱ्यात हमखास खेळण्यांची टोपली असते. एक डोळा हरवलेले अस्वल, चित्रतुकड्यांचे जोडकाम (त्यात सगळे तुकडे आहेत की नाही हे देवच जाणे), लाकडी आगगाडीचा एकच डबा.

या दुकानांची एक बाजू मला मनापासून आवडते. हातात चार पैसे असलेली गरीब आई तेथे आपल्या पायांनी जाते, टोपली उपसते, नको ते बाजूला ठेवते, हवे ते निवडते आणि त्याची किंमत मोजते. वस्तू जुनी असली तरी व्यवहार ताठ मानेचा असतो. दुसरी बाजू तितकीशी सुखाची नाही. येणारा सगळाच माल विकला जात नाही, आणि सुरक्षिततेचे चिन्ह वा लेबल गळून पडलेली खेळणी अनेक दुकाने विक्रीलाच ठेवीत नाहीत. उरलेल्याची वाट शेवटी कचऱ्याकडेच जाते. देणारा मात्र पहिल्याच दिवशी निर्धास्त झालेला असतो.

आपल्याकडे असे दुकान नाही. मुंबईत चोरबाजार आहे, पुण्यात मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. चोरबाजारातील मटन स्ट्रीटवरच्या दुकानांत किल्लीची जुनी पत्र्याची खेळणी दिसतात, परंतु त्यांचे गिऱ्हाईक बालक नव्हे. हरवलेले बालपण मोठ्या किमतीला परत घेऊ इच्छिणारे श्रीमंत प्रौढ ती नेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात.

आणि आपल्या बीड जिल्ह्यात काय आहे? आपल्या खेड्यांत बाईच्या विंचरलेल्या केसांचे गुंतवळ घेऊन त्याच्या बदल्यात पोरांना फुगे देणारा फेरीवाला येतो. त्याचा तो सौदा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आई भिंतीच्या फटीत कोंबून ठेवलेले केस काढून देते आणि पोर फुगा घेऊन पळते. जगात टाकाऊतून खेळणे मिळविण्याची याहून चोख पद्धत नसेल. केस पुढे कोठे जातात आणि त्यांचे किती पैसे होतात हे त्या आईला कोणी सांगत नाही, हा भाग वेगळा. एरवी आमच्या मुलांची खेळणी त्यांच्याच हातची. ज्वारीच्या धांड्यातील भेंड काढून त्याची बैलगाडी, सायकलचे जुने टायर आणि काठी, चपलेच्या रबराची चाके, काडेपेटीचा ट्रॅक्टर. जत्रा आली तर पिपाणी आणि भिरभिरे.

जत्रेवरून आठवले. कपिलधारची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला भरते, अंबाजोगाईला योगेश्वरीची मार्गशीर्षात. त्या वेळी आपल्या पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज तालुक्यांतील शेकडो वाड्यावस्त्या अर्ध्या रिकाम्या असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर गाड्या भरून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर निघून गेलेले असतात. म्हणजे पाहा, ज्या पंधरवड्यात शहरातील घरे खेळण्यांनी तुडुंब झाली म्हणून रिकामी केली जातात, त्याच पंधरवड्यात आपली गावे मुलांपासून रिकामी होतात. टेम्पो येथे येऊन पोचेल तेव्हा ज्यांच्यासाठी तो आला ती मुले येथे नसतील. पुष्कळशा संकलन मोहिमा या साध्या गोष्टीवरच फसतात.

मीही एकदा असाच फसलो आहे, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शहरातील परिचितांनी दिलेली खेळण्यांची चार पोती घेऊन मी आणि आणखी दोघे एका कारखान्याच्या परिसरातील तळावर गेलो होतो. पोती आम्ही उघडून पाहिली नव्हती, हा आमचा पहिला अपराध. दुपारची वेळ होती. मोठी माणसे फडात, कोप्यांपाशी तान्ही पोरे आणि त्यांना सांभाळणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुली. आम्ही पोती रिकामी केली. इंग्रजीत बोलणाऱ्या पण मुक्या झालेल्या बाहुल्या, बॅटरीवाचून न हलणाऱ्या मोटारी, फासे हरवलेले पट, एक भलेमोठे गुलाबी अस्वल ज्याच्या शिवणीतून कापूस बाहेर आला होता. मुलांनी गर्दी केली, ओढाताण झाली, रडारड झाली. ज्या पोरांत सकाळपर्यंत भांडण नव्हते, त्यांच्यात आम्ही भांडण वाटून आलो.

कडेवर धाकटा भाऊ घेतलेली एक मुलगी मागे उभी होती. तिला मी बोलावून एक बाहुली दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारले, “गुर्जी, हिला ठिवू कुठं?” मला प्रथम प्रश्नच कळला नाही. मग मी कोपीत डोकावलो. पाचट आणि ताडपत्रीच्या त्या आडोशाखाली अंथरूण, पिठाचा डबा, चूल, दोन भांडी आणि कोयते. तळ हलला की हा सारा संसार ट्रॅक्टरवर किंवा बैलगाडीवर चढावयाचा. त्यात बाहुलीला जागा नव्हती. शिवाय तिचे दोन्ही हात मोकळे कधी असणार होते? एक हात भावाखाली होता.

एका पोराने मात्र बंद पडलेल्या मोटारीची चारही चाके उपटून काढली आणि आपल्या धांड्याच्या गाडीला लावली. आमच्या पोत्यांचा खरा उपयोग तेवढाच झाला.

मार्चअखेर काही कामानिमित्त मी पुन्हा त्या बाजूला गेलो. तळ उठला होता. मोकळ्या रानात चुलीचे दगड, फाटकी पोती आणि त्यांत आमची खेळणी पडली होती. गुलाबी अस्वल चिखलात होते. एका कडेला कोणी पाचटाबरोबर बरेचसे पेटवून दिले होते आणि वितळलेल्या प्लॅस्टिकचा काळा गोळा तेथे घट्ट बसला होता. शहरातील घरातून निघालेली ती खेळणी शेवटी जळाली, पण शहरात नव्हे. आमच्या मुलांच्या श्वासात जळाली. कचरा टाकण्याचे श्रम आणि त्याचा धूर, दोन्ही आम्ही शहरातून फुकटात वाहून आणले होते.

धुराचा उल्लेख केला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुने खेळणे केवळ जुने असते असे नाही. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी घरे, शिशुशाळा आणि दानाच्या दुकानांतून मिळविलेली सुमारे २०० जुनी प्लॅस्टिकची खेळणी तपासली. त्यांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील काहींत शिसे, कॅडमियम यांसारखी घातक द्रव्ये मोठ्या प्रमाणात आढळली, विशेषतः पिवळ्या, लाल आणि काळ्या रंगाच्या तुकड्यांत. तान्हे मूल खेळणे प्रथम तोंडात घालते. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. त्यापूर्वीचा जो माल घराघरांत पडून आहे, त्याला ही चाळणी लागलेलीच नाही. आणि दिवाळीच्या आवराआवरीत निघतो तो नेमका हाच जुना माल. नव्या, चिन्ह असलेल्या खेळण्यांनी सधन मूल खेळणार आणि तपासणीपूर्वीची खेळणी कोपीवरच्या मुलाच्या तोंडात जाणार, ही वाटणी आपण कोणाच्याही सद्भावनेखातर मान्य करता कामा नये.

यावर दुसऱ्या तटाचे साथी म्हणतील, मग टेम्पो परत पाठवा, आमची मुले आपली खेळणी आपण करतात. त्यांनाही माझे ऐकून घ्यावे लागेल. गरिबाच्या पोराच्या कल्पकतेवर सुंदर लेख लिहिणाऱ्यांविषयी माझ्या मनात फारसा आदर उरलेला नाही. धांड्याची गाडी सुंदर असते, मीही ती केली आहे. परंतु ती करावयास ज्वारीचे रान लागते, चाकू लागतो, आणि मुख्य म्हणजे एक रिकामी दुपार लागते. उसाच्या फडाच्या कडेला या तिन्हींपैकी रिकामी दुपार मुलाला सर्वांत कमी मिळते. मुलगा मोळ्या बांधू लागतो, वाढे गोळा करतो. मुलगी पाणी भरते, भाकरी थापते, भावंड सांभाळते. तोडणी पहाटे अंधारात सुरू होते, ट्रक रात्री केव्हाही भरावयास येतो आणि त्या वेळी आईबाप उठले की पोरेही जागी होतात.

टाकाऊतून खेळणे घडविण्याची कला मी कमी लेखीत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे केले, ते या महाराष्ट्रातील शिक्षणाचे सर्वांत मोठे काम आहे असे मी मानतो. माँटेसोरीची महागडी साधने ज्यांच्या वाट्याला येणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी बिया, शंख, खडे, पाने यांचीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी फलकावर सर्वत्र दिसतो, पण त्यामागची मूळ हिंमत ती होती. आपल्या काळात अरविंद गुप्ता यांनी आयआयटीतील पदवीनंतर हयातभर काड्या, बाटल्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून विज्ञानाची खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, तिकडे लक्ष द्या. कचऱ्याजवळ एक शहाणे, प्रेमळ, प्रौढ माणूस बसलेले होते. त्याने वेळ दिला होता. पोते रिकामे करून ते निघून गेले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की आपल्या मुलांपाशी खेळण्यांपेक्षाही खेळाचा वेळ, खेळाची जागा आणि लक्ष देणारे माणूस यांची वाण आहे. हे तिन्ही त्यांच्यापासून कोणी तरी काढून घेतलेले आहे, आणि ज्याने काढून घेतले त्याच्याकडे मागितल्याशिवाय ते परत मिळणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम मुलाचा विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क मान्य करते. भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य पुरवावे, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे खेळणे ही दानाची वस्तू नव्हे, तो हिशेबातील खर्च आहे. आपल्या किती शाळांत, किती हंगामी वसतिगृहांत तो झाला, हे विचारणे आपले काम आहे. मी शिक्षक होतो तेव्हा ते मीही विचारले नाही, हे कबूल करतो. खेळाचे साहित्य कपाटात कुलपात ठेवून ‘हरवेल’ म्हणून न देणाऱ्या शिक्षकांत माझाही समावेश होता.

पाळणाघराचेच घ्या. १९४८ च्या कारखाना कायद्यात स्त्रीकामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. पुढे कामगार कायद्यांच्या नव्या संहिता आल्या. परंतु आपली ऊस तोडणारी भगिनी या हिशेबात आलीच नाही, कारण कारखान्याच्या कागदावर ती त्याची कामगार नव्हे. ती मुकादमाची, मुकादम वाहतूकदाराचा, आणि वाहतूकदाराचा कारखान्याशी फक्त करार. साखरेचे पोते मात्र निःसंशय कारखान्याचे! तिचे मूल नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते ते या कागदी साखळीमुळे. ती बहीण बाहुली कोठे ठेवू म्हणून विचारते तेही याच साखळीमुळे. सकाळपासून दराची चर्चा करणाऱ्या साथींना मी एवढेच सुचवीन की हा प्रश्न त्या चर्चेच्या बाहेरचा नाही. तळावर पाळणाघर मागणे आणि दर वाढवून मागणे, ही दोन्ही एकाच निवेदनात येऊ शकतात. आजवर आपण पाळणाघराची मागणी निवेदनाच्या शेवटी लिहीत आलो आणि वाटाघाटीत ती सर्वांत आधी सोडीत आलो. हंगामापूर्वीच्या या निवेदनात ती पहिल्या पानावर असावी, असा ठराव मी मांडणार आहे.

आता टेम्पोविषयी. तो घ्यावा, असे माझे मत आहे. देणाऱ्याचा हात झिडकारणे मला पटत नाही. परंतु आमच्या अटी आधी कळवाव्या. मोडके चालणार नाही, बॅटरीचे चालणार नाही, रंगाची पुटे निघालेले आणि जुने भडक प्लॅस्टिक चालणार नाही, बंदुका चालणार नाहीत. तुमच्या मुलाला आजही हातात द्याल तेच द्या. आणि शक्य झाले तर तुमच्या मुलाने स्वतः निवडून द्यावे. मुलाच्या नकळत त्याची पेटी रिकामी करून मिळविलेले पुण्य आम्हास नको. जे परत जाईल ते कोणत्या कारणाने परत गेले, याची चिठ्ठी सोबत जाऊ द्या. याने चार माणसे दुखावतील. पुढच्या वर्षी पोती हलकी आणि चांगली येतील.

आलेला माल घरोघर वाटावयाचा नाही. प्रत्येक टोळीमागे एक पेटी करावयाची. पत्र्याची, कडी असलेली, कोपीत उशाला बसेल आणि गाडीवर चढेल एवढी. पेटी टोळीची, एकट्या कोणाची नव्हे. ती सांभाळावयास टोळीतीलच एखादी मोठी मुलगी अथवा कामावर न जाणारी आजी नेमावी आणि शक्य तेथे तिला त्या कामाचा मोबदला मिळावा. हेल्म्सच्या कल्पनेतील तेवढा भाग आपण उचलू. मुंबई-पुण्यात खेळण्यांची ग्रंथालये चालविणारे लोक आहेत. त्यांच्याकडून नोंदवहीची पद्धत शिकून घेता येईल. आपल्याच जिल्ह्यात आर्वीच्या शांतिवनासारख्या ठिकाणी ऊसतोड मजुरांची मुले निवासी राहून शिकतात, तेथील मुलांना विचारावे की तळावर असताना तुम्हाला काय हवे होते. ते आपल्यापेक्षा अधिक जाणतात. मी काही मुलांना विचारले तेव्हा सर्वांत जास्त मागणी दोरीला आणि चेंडूला आली. बाहुलीचे नाव एकीनेच घेतले.

एक पेटी मी नमुन्यादाखल तयार करून आणली आहे, ती त्या खिडकीपाशी ठेवली आहे. चहाच्या सुट्टीत उघडून पाहावी. तिच्यात दोन दोऱ्या, तीन चेंडू, धारूरच्या एका सुताराकडून कापून घेतलेले लाकडी ठोकळे, सागरगोटे, खडू, एक पाटी, काही चित्रांची पुस्तके आणि कात्री आहे. कात्रीवरून आपल्यात वाद होईल हे मला ठाऊक आहे. तो अवश्य व्हावा. पेटीचा एक कप्पा मी रिकामा ठेवला आहे. तळावर मुले जे करतील ते त्यात ठेवतील.

दसऱ्यापूर्वी निदान वीस टोळ्यांच्या पेट्या तयार व्हावयास हव्यात, कारण त्यानंतर गाड्या निघू लागतील. टेम्पो आला की निवडणी आणि दुरुस्तीसाठी दहा माणसे दोन दिवस लागतील. नावे आज संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्यावीत. ज्यांना शिवण येते त्यांनी सुई-दोरा आपापला आणावा.